कैलाशचा हेवा

उदय आमच्याकडे राहायला आला तेव्हा त्याच्याबरोबर एक पत्र्याची ट्रंक आणि त्याच्या आईने दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबा होता. धारहून देवासला येऊन तो बाबांच्याच कारखान्यात लागला होता. बाबांच्या खात्यातल्या कोणीतरी सांगितलं की मराठी घरचा मुलगा आहे, हॉटेलचं खाऊन आजारी पडेल, तुमच्याकडे ठेवून घ्या. क्वार्टरला दोनच खोल्या, मागे न्हाणी आणि एवढंसं अंगण. पुढच्या खोलीत मी झोपायचो, तिथेच त्याची गादी पडली. लाडू संपल्यावर आईने त्या डब्यात आपली शेंगदाण्याची चटणी भरून तो धारला परत पाठवला. दोन्ही बायकांनी एकमेकींना पाहिलंही नव्हतं, पण दोन घरांचं येणंजाणं तिथून सुरू झालं.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. बाबा नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. सकाळी टेकडीवरच्या देवीच्या देवळातला लाउडस्पीकर, मग कारखान्याचा भोंगा, मग गल्लीत पोहेवाल्याच्या कढईवर आपटणारा झारा, या आवाजांवर आमचं घर उठायचं. वारा फिरला की चामडं कमावण्याचा वास यायचा आणि आई खिडक्या लावून घ्यायची. पाण्याची मारामार कायमची. मी शाळेत असताना तर देवासला पाणी आगगाडीने यायचं, हे आता इथल्या पोरांना सांगितलं तर ती हसतात. उदय आला तेव्हा गाडी बंद झाली होती, पण टँकर होते. टँकर आला की आम्ही दोघं मोठी बादली घेऊन धावायचो आणि भरलेली बादली दोघांनी मिळून आणायचो, एका कडीला दोघांचे हात. त्याचा अंगठा माझ्या बोटांवर दाबला जायचा. पाणी सांडू नये म्हणून आम्ही सावकाश चालायचो. मी जरा जास्तच सावकाश.

माझं सगळं शिक्षण हिंदीत झालं. घरी मराठी बोलायचो, पण वाचायचं म्हटलं की अक्षर अक्षर लावत बसायचो. उदयचं घराणं मात्र संस्थानच्या काळापासून धारचं; त्याच्या तोंडी जुनं, वळणदार मराठी होतं. तो आईला 'आपण बसावे, मी वाढतो' असं म्हणायचा आणि आईला ऐकतच राहावंसं वाटायचं. दुपारपाळी नसली की तो मला मोठ्याने मासिकं वाचून दाखवायचा, मग माझ्या हातात देऊन म्हणायचा, आता तू. आज मी हे मराठीत लिहितो आहे ते त्याच्यामुळे.

मला काय होत होतं ते मला ठाऊक होतं. त्याला शब्द नव्हता इतकंच. हिवाळ्यातल्या एका दुपारी टेकडीच्या पायऱ्यांवर बसलो असताना त्याने माझा हात आपल्या शालीत ओढून घेतला आणि खाली शहर बघत बराच वेळ तसाच धरून ठेवला. त्या दुपारच्या जोरावर मी पुढे किती दिवस काढले ते माझं मला माहीत.

मग कैलाश आला. तो एका खासगी शाळेत पीटीचा मास्तर होता, पीपलरावां गावचा, शेतकऱ्याच्या घरातला. ठेंगणा, काळासावळा, पोटऱ्या दगडासारख्या, सुट्टीच्या दिवशीही गळ्यात शिट्टी. उदय संध्याकाळी व्हॉलीबॉल बघायला मैदानावर जायला लागला आणि घरी येताना माळवी शब्द आणायला लागला. "काकू, आज कंई बनवलंय?" असं त्याने विचारलं तेव्हा आई पोट धरून हसली. मी हात धुवायला उठलो. तो 'कंई' कोणाच्या तोंडचा होता हे मला कळलं होतं. पुढे मी कैलाशला भेटलो आणि त्याच्यात खोट शोधायला लागलो. तो बशीतून फुर्र करत चहा प्यायचा. हसला की लांबून ऐकू यायचं. मला भेटला की खांद्यावर हात टाकून "अवि भिया, कैसे हो?" म्हणायचा, आणि तो हात खरोखरीच्या आपुलकीचा होता, हे सगळ्यात वाईट.

उदयने मला सांगितलं ते त्याच टेकडीच्या वाटेवर. म्हणाला, "अवि, कैलाश आणि मी... तुला कळलं असेलच. तुलाच सांगू शकतो मी."

मी मान हलवली. त्या 'तुलाच'ने मला जे दिलं आणि जे काढून घेतलं, त्याचा हिशेब अजून लागत नाही.

त्यांच्यामुळेच मी त्या खोलीत गेलो. स्टेशनच्या बाजूला, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या वर एका आरोग्य संस्थेने ती भाड्याने घेतली होती. रविवारी दुपारी त्यांचा माणूस एड्सबद्दल, काळजी घेण्याबद्दल सांगून जायचा आणि मग खोली आमच्यासारख्यांची असायची. कॅरम, गप्पा, कोणीतरी पडदा पदरासारखा घेऊन नाचायचं. चौबेजी नावाचे निवृत्त बाबू स्टोव्हवर चहा करायचे. त्यांना नातवंडं होती. आमच्या कॉलनीत मूल जन्मलं की बधाई घ्यायला येणारी रेश्मा किन्नर तिथे जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून सगळ्यांची टिंगल करायची. तोवर मला वाटत होतं की अख्ख्या देवासमध्ये मी आणि उदय असे दोघंच आहोत. तिथे इतकी माणसं बघून हायसं वाटलं, आणि थोडं वाईटही. दोघंच असतो तर बरं झालं असतं.

संस्कृती वाचवायला निघालेल्या पोरांची एक सेना त्या वर्षांत आमच्याकडे जोरात होती. तिचं नाव मी लिहीत नाही. गिरणीच्या भिंतीवर त्यांचे कागद चिकटलेले होते, हा अड्डा बंद करा म्हणून. चौबेजी ते पाण्याने भिजवून खरवडून काढायचे आणि पुढच्या रविवारी नवे असायचे. आम्ही हसण्यावारी नेलं.

उदयच्या वाढदिवसाला दरवर्षी आई शिरा करायची. त्या वर्षी वाढदिवस रविवारी आला आणि कैलाशने आधीच जाहीर केलं की गावाहून आईच्या हातचे दाल-बाफले आणणार, घरचं तूप, सगळ्यांनी खोलीवर जेवायचं. उदय सकाळी शिरा खाऊन, नवा शर्ट घालून निघाला. मी म्हणालो, माझं अंग गरम वाटतंय. त्याने माझ्या कपाळाला हात लावला, जरा थांबला आणि गेला. मी मागच्या अंगणात सांडग्यांवरचे कावळे हाकत बसलो. खोलीत कोण कोणाला घास भरवत असेल, याशिवाय दुसरं काही माझ्या डोक्यात नव्हतं.

ऊन कलायच्या वेळेला रेश्मा आमच्या दारात आली. आईला वाटलं बधाईला आली. म्हणाली, इथे कोणाचं बाळ नाही गं. मग तिला रेश्माचा फाटलेला ओठ दिसला आणि एक पाय अनवाणी दिसला. आईने तिला आत घेतलं, पाटावर बसवलं, पाणी दिलं. रेश्माने पाणी प्यायच्या आधी माझ्याकडे बघून सांगितलं, "उदय को बहोत मारा, भिया. इंदौर के बड़े अस्पताल ले गए।"

तिने जे सांगितलं ते असं. जेवणं चालू असताना ते वर आले, हॉकी स्टिक आणि सायकलच्या चेना घेऊन, आणि दार आतून लावून घेतलं. सगळ्यांना भिंतीशी उकिडवं बसवलं, नावं विचारली, बापाचं नाव विचारलं, आणि मग मारायला सुरुवात केली. चौबेजींच्या अंगावर उकळता चहा ओतला आणि त्यांच्या छातीत लाथा घातल्या. रेश्माला केसाला धरून ओढलं, निघताना जिन्यावरून ढकललं. उदयने एकाची काठी धरली म्हणून त्याच्या तोंडावर घाव बसला, जबडा मोडला, आणि तो पडल्यावर त्याच्या हाताच्या बोटांवर बूट ठेवून उभे राहिले. तेव्हा कैलाश त्याच्या अंगावर पालथा पडला. "वो मास्टर उसके ऊपर लेट गया, भिया," रेश्मा म्हणाली. "इतनी पड़ी उसको, हटा ही नहीं।"

आई पदर तोंडाला लावून उभी होती. मी चपला शोधत होतो आणि मला सापडत नव्हत्या. भीती होती, उदय वाचेल का ही धडधड होती, आणि या सगळ्याच्या खाली, स्पष्ट, एक गोष्ट होती: ती जागा माझी होती. उदयच्या अंगावर पडलेला माणूस मी असायला हवा होतो. कैलाशला ते मिळालं. आज इतक्या वर्षांनी शांतपणे बघतो तेव्हा हेही दिसतं की हेव्याने मला त्या दिवशी घरी ठेवलं आणि माझी हाडं शाबूत राहिली. पण शाबूत हाडांचं मला कधी समाधान वाटलं नाही.

चौबेजी त्याच आठवड्यात गेले. घरच्यांनी सांगितलं, हार्ट अटॅक. पोलिसांनी तेच लिहून घेतलं. सगळ्यांना तेच सोयीचं होतं. ठाण्यात मार खाल्लेल्यांनाच बसवून ठेवलं होतं, जुन्या तीनशे सत्त्याहत्तर कलमाखाली आत टाकू म्हणत होते, आणि म्हणून बहुतेकांनी तक्रार न करताच पाय काढला. पेपरात मथळा आला तो अड्ड्याचा, मारणाऱ्यांचा नाही. त्या मारणाऱ्यांत एक आमच्याच कॉलनीतला होता, बाबांच्या पाळीतल्या सोबत्याचा मुलगा. आमच्या घरी दिवाळीचा फराळ करून गेलेला.

बाबांनी पेपर वाचला, घडी घातली. मग म्हणाले, "इंदूरला जाशील तेव्हा आईकडून डबा घेऊन जा. इस्पितळाच्या कँटीनचं काही खरं नसतं." त्याच्यापलीकडे या विषयावर ते माझ्याशी आयुष्यात बोलले नाहीत. मात्र त्या संध्याकाळी त्यांचा तो सोबती नेहमीप्रमाणे ओट्यावर येऊन बसला, तेव्हा बाबा उठून आत आले आणि त्यांनी कडी लावली. पंचवीस वर्षांची बैठक होती ती.

इंदूरच्या इस्पितळातून उदयला त्याचे आईवडील धारला घेऊन गेले. गल्लीत सांगितलं, स्कूटरचा अपघात. वडील, नाना, शाळामास्तर होते, निवृत्त. आईला सगळे माई म्हणायचे. मी दर शनिवारी इंदूरवरून बस बदलून धारला जायला लागलो. माईंना मी माहीत होतो, चटणी पाठवणाऱ्या बाईंचा मुलगा. त्या मला आत घ्यायच्या, हातपाय धुवायला गरम पाणी द्यायच्या, आमटी-भात वाढायच्या. उदयचा जबडा तारांनी बांधलेला होता, बोलता येत नव्हतं. मी त्याला नळीने पेज पाजायचो, दाढी करायचो, मासिकं वाचून दाखवायचो. आता मी अडखळत नव्हतो. खिडकीतून तळ्यावरचा वारा यायचा, आत माई कढी फोडणीला टाकायच्या, आणि उदय डोळे मिटून ऐकत असायचा. माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे शनिवार ते. इथे कैलाश नव्हता. पहिल्यांदा आला तेव्हा नानांनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं होतं, हे माईंनी मला हळूच सांगितलं होतं आणि मला बरं वाटलं होतं.

पण फाटक वाजलं की उदयचे डोळे उघडायचे. दूधवाला असो, शेजारीण असो, प्रत्येक वेळी ते दाराकडे जायचे आणि परत यायचे. मी वाचत राहायचो.

एका शनिवारी परतीच्या बसमध्ये कैलाश माझ्या शेजारी येऊन बसला. हाताला प्लॅस्टर, डोक्यावर टाके पडलेल्या जागी केस नव्हते. शाळेने त्याला काढून टाकलं होतं. तोही दर शनिवारी धारला येत होता. तळ्याच्या काठी चहाच्या टपरीवर बसून राहायचा आणि संध्याकाळी निघायचा. मी घरात शिरताना आणि निघताना दर वेळी त्याला दिसत होतो. मला कधी हाक मारली नव्हती. त्याने ना नानांबद्दल तक्रार केली, ना मला कसली गळ घातली. एवढंच विचारलं, "खा रहा है ना?"

मी म्हणालो, पेज घेतो, थोडी.

"नमक कम डालते होंगे," तो म्हणाला. "उसको तेज नमक लगता है।" आणि खिडकीबाहेर बघत बसला. उदयला मीठ जास्त लागतं हे आमच्या घरी इतकी वर्षं जेवूनही मला ठाऊक नव्हतं.

जबड्याच्या तारा काढल्या त्यानंतरच्या शनिवारी मी गेलो तेव्हा उदय उशीला टेकून बसला होता. माई म्हणाल्या, सकाळपासून तोंड उघडायचा सराव करतोय, पण बोलला नाही अजून. मी पलंगाशी बसलो. त्याने माझा हात धरला, शालीतल्या त्या दुपारसारखा. ओठ हलवले, थांबला, परत हलवले.

"कैलाश," तो म्हणाला.

मी उठलो. चपला घातल्या आणि तळ्याकडे गेलो. जाताना मी कैलाशचा जितका हेवा केला तितका आयुष्यात कोणाचा केला नाही. माझे पाय मात्र चालत होते. टपरीवर त्याला म्हटलं, "चल।" त्याने विचारलं नाही कुठे.

फाटकात नाना उभे राहिले. म्हणाले, यांना इथे आणायचं नाही असं मी सांगितलं होतं. त्यांच्या मागे माई आल्या, हात पदराला पुसत. त्यांनी नानांकडे नाही, माझ्याकडे बघून विचारलं, "अविनाश, खरं सांग. हा कोण आहे उदयचा?"

मी म्हणालो, "माई, स्कूटरचा अपघात नव्हता हे तुम्हाला माहीत आहे. काठ्या पडत होत्या तेव्हा हा उदयवर पालथा पडला. तो हात तिथे मोडलाय. उदय जिवंत आहे तो याच्यामुळे. आणि उदयने आज पहिलं नाव घेतलं ते याचं."

नाना चपला घालून निघून गेले. माई कैलाशच्या प्लॅस्टरकडे बघत राहिल्या. त्यांनी हात पुढे करून त्याच्या बोटांना स्पर्श केला, प्लॅस्टरमधून बाहेर आलेल्या, सुजलेल्या. मग त्यांच्या मराठी वळणाच्या हिंदीत म्हणाल्या, "अंदर आव. चप्पल उधर रखो."

मी खोलीत गेलो नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलो. आतून आधी काहीच ऐकू आलं नाही आणि मग उदयचं हसणं ऐकू आलं, मोडक्या जबड्यातून आलेलं, दुखणारं. इतक्या शनिवारांत मला ते एकदाही आणता आलं नव्हतं.

पुढे केस उभी राहिली ती उदयखेरीज कैलाशच्या आणि रेश्माच्याच जबानीवर. बाकीचे आले नाहीत, आणि त्यांना मी दोष देत नाही. मी साक्षीदार होऊ शकत नव्हतो, मी तिथे नव्हतो. मागच्या बाकावर बसून ऐकलं. समोरच्या वकिलाने कैलाशला हसत विचारलं की जखमी इसम तुमचा कोण लागतो. कैलाशने शिट्टी फुंकावी तशा स्पष्ट आवाजात सांगितलं, "हम साथ रहते हैं। मरते दम तक रहेंगे।" कोर्टात कोणीतरी फिदीफिदी हसलं. मी खाली मान घालून बसलो होतो. ते वाक्य मी मनात किती वेळा म्हटलं होतं. भर कोर्टात उभं राहून म्हणणारा दुसराच निघाला. निकाल लागायला वर्षं गेली. मारणाऱ्यांपैकी दोघांना थोडी शिक्षा झाली, बाकीचे सुटले. कॉलनीतला तो मुलगाही सुटला. आता त्याचं टाइल्सचं दुकान आहे, दिसला की मला नमस्कार करतो. मी करत नाही.

नाना वारल्यावर उदय आणि कैलाश धारच्या घरातच राहिले, माईंजवळ. उदयची दोन बोटं कायमची वाकडी राहिली. तो शिकवण्या घेतो. कैलाश किल्ल्याजवळच्या मैदानावर पोरांना पळायला शिकवतो. गल्ली त्याला माईंचा मानलेला मुलगा म्हणते आणि ज्यांना जे समजायचं ते समजतात. ते जुनं कलम गेल्याची बातमी आली त्या दिवशी मी उदयला फोन लावला, तर तो कैलाशने उचलला. ओरडून म्हणाला, अवि भिया, मिठाई खाने आ जाओ. मी म्हणालो, येतो. फोन ठेवल्यावर वाटलं, आजच्या दिवशी तरी उदयने उचलायचा. माझ्याही आयुष्यात माणसं आली, एक बरीच वर्षं राहिलाही. तरी हे गेलं नाही.

गेल्या दिवाळीत धारला गेलो होतो. माई आता खूप थकल्या आहेत, खुर्चीतून हुकूम सोडतात. कैलाशने अंघोळीनंतर ओला पंचा पलंगावर टाकला आणि माईंचा आवाज चढला. किती वेळा सांगायचं, गादी कुजेल, एवढा घोडा झालास तरी अक्कल नाही, वाळत घाल आधी. कैलाश पुटपुटत पंचा उचलून गेला. उदय पेपरामागून हसत होता. तेवढ्यात मी माझं ताट उचलून मोरीकडे निघालो, तर माईंनी लगबगीने हात वर केला. आवाज एकदम मऊ झाला.

"राहू दे रे, अविनाश," त्या म्हणाल्या. "तू कशाला उचलतोस? तू पाहुणा."